जज थर्स्टन यांच्या अंगावरचा झगा

मी काळा झगा बोलतोय. व्हरमाँटच्या वरिष्ठ न्यायालयात अकरा वर्षं मी जज एल्कनाह थर्स्टन यांच्या अंगावर होतो. बोस्टनच्या शिंप्यानं मला शिवलं तेव्हा देश नवा होता, कायदे नवे होते. साहेब कातडी कमावणाऱ्याचं पोर. एका वकिलाच्या घरी राबून, त्याचीच पुस्तकं वाचून ते शिकले होते.

कोर्ट तेव्हा एका जागी नसे. गावोगाव घोड्यावरून जायचं, कधी चर्चमध्ये, कधी खाणावळीत बसायचं. मला अंगात घातलं की साहेबांची पाठ ताठ व्हायची. मला त्याचा फार अभिमान होता. आता नाही.

एका हिवाळ्यात एमस रड नावाच्या लोहारावर खुनाचा खटला चालला. मेलेल्या गिरणीवाल्याचं घड्याळ एमसच्या गोठ्यात सापडलं होतं. शोधून काढणारा गिरणीवाल्याचा मेव्हणा. त्याला नेमकं गोठ्यातच बघायचं कसं सुचलं, हा प्रश्न साहेबांच्या ओठांवर आला आणि तिथंच राहिला. ज्यूरीनं एमसला दोषी ठरवलं. साहेबांनी फाशी सुनावली.

बाहेर एमसची बायको टॅबिथा आडवी आली. "जजसाहेब, महिनाभर थांबा. गव्हर्नरांकडे दयेचा अर्ज घेऊन मी पायी जाते."

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रानं साहेबांना 'मऊ काळजाचा' म्हणून हिणवलं होतं. ते म्हणाले, "ज्यूरीनं ठरवलंय, बाई."

"महिन्यानं काय बिघडणार होतं?" शेरीफ पुटपुटला. साहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण त्यांच्या छातीची धडधड मला कळत होती. आठवड्याभरात एमस फासावर गेला.

चार वर्षांनी तो मेव्हणा मरणाला टेकला आणि पाद्रीबाबांना म्हणाला, "खून मी केला. घड्याळही मीच ठेवलं."

पाद्रीबाबांनी लिहून घेतलेला तो जबाब साहेबांनी भर कोर्टात वाचला. "मला शंका आली होती, आणि मी गप्प बसलो," ते म्हणाले. मग त्यांनी मला उतरवून खुर्चीवर ठेवलं आणि राजीनामा दिला.

मागच्या बाकावरून टॅबिथा उठली. "नाव परत दिलंत, जजसाहेब. माणूस?"



त्यानंतर दर शरद ऋतूत ते स्वतः लाकडं फोडायचे आणि टॅबिथाच्या फाटकाशी रचून यायचे. तिनं एकही ओंडका चुलीत घातला नाही. ढीग तिथंच कुजायचा. पुढच्या वर्षी साहेब पुन्हा जायचे. नऊ वर्षं.

गेल्या गुरुवारी साहेब वारले. "झगा घालून मला पुरू नका," एवढंच सांगून गेले. त्यांची बायको मर्सी आज मला कापून स्वतःसाठी सुतकाचा पोशाख शिवायला बसलीय. कोर्टात आता दुसरा झगा आहे. त्याला माझं एकच सांगणं आहे : आतलं काळीज धडधडलं, तर ओठांवरचा प्रश्न विचारेपर्यंत त्या माणसाला खुर्चीवरून उठू देऊ नकोस.

आत्ताच दार वाजलं. टॅबिथा उंबऱ्यात उभी होती.

"यंदा लाकडं आली नाहीत," ती म्हणाली. "तेव्हाच समजले."

मर्सी एका हातात कात्री घेऊन दुसऱ्या हातानं मला ताणू बघत होती. टॅबिथानं मला ओळखलं.  ती खुर्ची ओढून समोर बसली आणि तिनं माझं टोक घट्ट ताणून धरलं.

"काप," ती म्हणाली. "मी धरते."