नित्याची मान

स्टॉपर निवडताना काय बघता, असं नवे पीटी मास्तर मला अजून विचारतात. उंची? झक मारली उंचीनं. पायातली ताकद? ती दोन महिन्यांत येते. मी मान बघायचो. सगळ्यात मागं, गोलकीच्या पुढं उभी राहणारी पोर नुसती चेंडूकडे टक लावून बसली तर मेलीच म्हणायची. मान सारखी फिरली पाहिजे, पाठीमागून कोण सुटलंय ते चेंडूच्या आधी कळलं पाहिजे. एकवीस वर्षं तंजावरात शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवला, तशी मान एकाच पोरीची पाहिली. नित्याची.

नित्या आमच्यातलीच, घरात मराठी बोलणारी. तिची आई जयलक्ष्मी मला अण्णा म्हणते, म्हणून पोर मामा म्हणायची. मैदानात मात्र सार, म्हणजे आपलं सर. तिला मराठी सगळं समजायचं, बोलताना निम्मं तमिळ. मी बाहेरून तिला मराठीतच ओरडून सांगायचो. समोरच्या संघातल्या पापनाशमच्या पोरी आ वासून बघत राहायच्या, त्यांना काय कळणार, कपाळ! आम्हां दोघांना त्याची भारी मजा वाटायची.

लांबच्या एका क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी आली. तिथं जागा मिळाली की बारावीपर्यंत शिक्षण, जेवण, बूट, सगळं त्यांचं. नित्यानं महिनाभर दुसरं काही बोलणंच सोडलं होतं. आदल्या दिवशी सरावानंतर मी पोरींना केळी वाटत होतो. "धर गे!" म्हणून एक तिच्या डाव्या बाजूनं फेकलं. ते थाडकन कानशिलावर बसलं. तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

मी तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला. "किती बोटं?"

"नको, मामा."

तीन वर्षांची असताना शेतात भाताची काडी डाव्या डोळ्यात गेली होती. बाहेरून डोळा चांगला दिसायचा. पोर मान सारखी फिरवायची, कारण अर्धं मैदान तिला दिसतच नव्हतं. आणि मी गाढव, तिची हुशारी समजून गावभर मिरवत होतो!

"त्यांना सांगू नका," ती हुंदके द्यायला लागली. "घेणार नाहीत मला."

घेतलंच नसतं. तिथं मी शेण खाल्लं. म्हटलं, रडू नकोस, उद्या तुझा डावा डोळा मी. त्या बाजूनं कोणी आली की 'डावी' म्हणून ओरडेन, तू वळ. निवडणाऱ्यांना आपली भाषा थोडीच कळते?

दुसऱ्या दिवशी घसा फाटेस्तोवर ओरडलो. एकही पोर तिच्या पुढं गेली नाही. डोळे तपासताना तिनं उजव्यानं तक्ता पाठ केला आणि डाव्याच्या वेळी म्हणून दाखवला. निवडणाऱ्यांपैकी एक जण मला म्हणाला, "काय मान आहे हो मुलीची!" मी हसलो.

तिला पोचवायला निघताना बस स्टँडावर जयलक्ष्मीनं विचारलं, "अण्णा, डोळ्याचं त्यांना सांगितलंत ना?"

"सांगितलंय गे. काळजी सोड."

जीभ झडली नाही माझी. पोर बसमध्ये बसली, मी इथं राहिलो. तिथं आता कोण ओरडणार, हा साधा प्रश्न माझ्या टाळक्यात शिरला नाही. शिरला असेल, पण मी त्याला बाहेर हाकललं. खरं तेच सांगतो.

पाचव्या आठवड्यात तिथला पहिला सामना झाला. डावीकडून एक पोर भरधाव आली आणि आदळली. नित्याचं तोंड गोलच्या खांबावर गेलं. उजवा डोळा फुटला.

मी इस्पितळात गेलो तेव्हा दुपारचं जेवण वाटत होते. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, डावा उघडा. उशीवर मान फिरत होती, इकडून तिकडे. मी दारातच उभा राहिलो.

जयलक्ष्मी उठून आली. "तिथल्या सगळ्या सारांना विचारलं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणालाच ठाऊक नव्हतं, अण्णा."

पण पोरीनं ते ऐकलं.

"मामा आलेत?" तिनं हात पुढं केला, मी नव्हतो त्या बाजूला. "मी कान देऊन उभी होते, मामा. कोणी 'डावी' म्हटलंच नाही."