अकरा पॉइंट सहा

मित्रांनो, मला जरा सरळ उभं धरा, म्हणजे नीट बोलता येईल. आडवं पडून बोलायची मला सवय नाही. मी एक जुनी ब्युरेट आहे. अंगभर आकड्यांच्या बारीक रेघा असलेली काचेची लांब नळी, आणि खाली काचेचीच तोटी. तोटी फिरवली की माझ्यातलं द्रावण थेंब थेंब खाली पडतं आणि किती पडलं ते माझ्या अंगावर वाचता येतं. एवढंच माझं काम. पण ते मी चोख केलं, हो!

भट्टीजवळच्या एका खोलीत एका कारागिराने मला घडवलं. रेघा कोरणाऱ्या बाई मोठ्या कडक होत्या. एखाद्या नळीवरची रेघ जरा वाकडी गेली तर ती नळी सरळ फुटक्या काचेच्या पेटीत जायची. त्यांनी मला उजेडात धरून खालपासून वरपर्यंत तपासलं आणि बाजूला ठेवलं. त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता, काय सांगू!

तिथून मी आले एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं यायची, ॲप्रनच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसायच्या. हे शिकून पुढे काय होता येतं, असं ती विचारायची. सर सांगायचे की औषधं, साबण, रंग, खतं, पाणी, जिथे जिथे काही मिसळतं तिथे तिथे तुमची गरज आहे. मुलं खूश व्हायची आणि लगेच माझी तोटी भसाभस सोडायची. खालच्या चंबूतलं द्रावण अगदी फिकट गुलाबी झालं की थांबायचं असतं, आणि त्या गुलाबीला एकच थेंब पुरतो. पण धीर कुणाला? चंबू लालभडक व्हायचा आणि बोल मला लागायचा. ब्युरेट गळते म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं!

त्यातून त्या प्रयोगशाळेत एक वाईट रीत पडून गेली होती. सगळ्या टेबलांवरच्या बाटल्या एकाच मोठ्या बरणीतून भरलेल्या असत. त्यामुळे सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं. मग काय, पहिल्या टेबलावरच्या हुशार मुलाचा आकडा आला की तो टेबलाटेबलांवरून फिरायचा आणि मागची मंडळी माझ्याकडे न बघताच तो लिहून मोकळी व्हायची. हा आकडा फिरवायचं काम एका बोलक्या मुलीचं होतं. तिला सगळे रेडिओ म्हणत.

रेडिओची जिवलग मैत्रीण माझ्या टेबलावर असे. ती इतकी सावकाश काम करायची की मुलांनी तिचं नाव थेंबी ठेवलं होतं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणून चिडवायची. ती हसायची आणि तोटीवरचा हात तसाच हलका ठेवायची. डोळे माझ्या रेघेच्या बरोबर समोर आणून, गुडघ्यात वाकून वाचायची. काम झालं की मला शुद्ध पाण्याने तीनदा धुवायची आणि स्टँडला उलटी टांगून मगच जायची. मी कित्येक हात पाहिले मित्रांनो, पण तसा हात पुन्हा पाहिला नाही.

थेंबीचे वडील रंगारी होते. घराच्या मागेच कापड रंगवायचं त्यांचं दुकान होतं आणि त्यांची नखं कायम निळी असायची. त्यांचा सगळा कारभार अंदाजाचा. पुढची पदवी घ्यायची आणि शहराचं पिण्याचं पाणी तपासतात त्या प्रयोगशाळेत नोकरी करायची, असं थेंबीच्या मनात होतं. तिची आत्या म्हणायची की एवढं शिकून ही शेवटी बाटल्याच धुणार. त्यावर वडील म्हणाले, ‘धुऊ दे की, आपण तरी जन्मभर कापडच धुतोय.’ हे थेंबीने रेडिओला हसत हसत सांगितलं होतं, माझ्यासमोरच.

पुढच्या पदवीच्या जागा थोड्या होत्या. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत चांगले गुण पडले तरच थेंबीला जागा मिळणार होती, आणि फी भरून बाहेर शिकायची घरची ऐपत नव्हती. सगळं त्या एका सकाळवर आलं होतं.

त्या सकाळी बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. उंच, शांत, कमी बोलणारे. थेंबीने मला भरलं, तोटी अलगद सोडली आणि अकरा पॉइंट सहाला चंबूत फिकट गुलाबी रंग आला. तिने दुसऱ्यांदा केलं. अकरा पॉइंट सहा. तिसऱ्यांदाही तेच. तिने पेन्सिलीने तो आकडा लिहिला आणि समाधानाने श्वास सोडला.

तेवढ्यात शेजारून रेडिओ कुजबुजली. सगळ्यांचं दहा पॉइंट दोन आलंय, तुझंच कसं वेगळं? तिच्या मनात पाप नव्हतं हो. मैत्रिणीचं नुकसान होऊ नये म्हणूनच ती बोलली. पण थेंबीचा चेहरा उतरला. एकाच बरणीतलं द्रावण, मग सगळा वर्ग चुकतोय आणि मी एकटी बरोबर, असं कसं होईल? ती माझ्याकडे बघत राहिली. अगं, मी अकरा पॉइंट सहावर उभी आहे, दिसत नाही का तुला? ऐकावे जनाचे, करावे मनाचे! पण काचेला कुठून आला आवाज? वेळ संपत आली होती. तिने खोडरबर उचलला, अकरा पॉइंट सहा खोडलं आणि शाईने दहा पॉइंट दोन लिहिलं. एवढ्या वर्षांत तिने दुसऱ्याचा आकडा घेतला तो त्या एकदाच.

परीक्षक आले. त्यांनी तिचा कागद पाहिला, मग थेंबीसारखेच गुडघ्यात वाकून माझ्याकडे पाहिलं.

‘ब्युरेट अकरा पॉइंट सहा म्हणतेय,’ ते हळूच म्हणाले. ‘तू दुसरंच लिहिलंस.’

‘सगळ्यांचं तेवढं आलं होतं, सर.’

‘आकडे फिरतात, हे कळलं होतं मला. म्हणून दोन बरण्या केल्या होत्या. तुझी बाटली वेगळ्या बरणीतली होती.’

ते रागावले नाहीत. हात चांगला आहे म्हणाले, आणि गुण मात्र कापले. कापायलाच हवे होते. थेंबी सगळ्यांच्या शेवटी उठली. डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत तिने मला तीनदा धुतलं, उलटी टांगलं आणि गेली. जागा रेडिओला मिळाली. तिची बाटली दहा पॉइंट दोनच्याच बरणीतली होती.

नंतर मला दिवस बरे आले नाहीत. एका मुलाने माझ्यात दाहक सोड्याचं द्रावण तसंच ठेवलं आणि तो सुट्टीला गेला. काचेची तोटी त्यात चिकटून घट्ट बसली, ती काही केल्या फिरेना. मग प्लास्टिकच्या तोटीच्या नव्या ब्युरेटी आल्या आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथून सगळं ऐकू यायचं. कुणी औषधांच्या कारखान्यात लागला, कुणी साबणाच्या, कुणी चक्क विमा विकतो. रेडिओ त्याच कॉलेजात शिकवायला आली. थेंबी वडिलांच्या दुकानात बसते, असं रेडिओनेच एकदा कुणाला तरी सांगितलं. सांगताना आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

आणि एका दुपारी थेंबी दारात उभी राहिली. केस पिकायला लागलेले, नखं निळी, हातात पाण्याची बाटली. दुकानात कापड सोड्यात उकळून झालं की ते पाणी मागच्या चरात सोडत. चराकाठची शेजाऱ्यांची झाडं वाळत चालली होती. वडील म्हणत, उन्हाने वाळली. त्या पाण्यात सोडा किती आहे, ते थेंबीला मोजून बघायचं होतं. रेडिओने नवी ब्युरेट पुढे केली, तर ती म्हणाली, माझी जुनी आहे का गं?

मला खाली काढलं. थेंबीने गरम पाण्यात बुडवलेलं फडकं तोटीभोवती गुंडाळलं आणि घाई न करता ती हलवत राहिली. तोटी सुटली! तिने मला धुतलं, ॲसिड भरलं, आणलेलं पाणी रंग दाखवणाऱ्या दोन थेंबांसह चंबूत घेतलं आणि पुन्हा तोच हलका हात माझ्या तोटीवर आला. चंबूतला गुलाबी रंग जाईना. मी उतरत राहिले, उतरत राहिले, आणि फार खाली गेल्यावर शेवटी रंग गेला. एवढा सोडा असलेल्या पाण्याने झाडं जगली असती तरच नवल.

रेडिओने वाकून आकडा पाहिला. मग म्हणाली, एवढं कशाला लिहितेस? तुमचंच दुकान आहे, थोडं कमी लिही, कोण बघायला येतंय.

थेंबी वाकली. माझ्या रेघेसमोर डोळे आणून तिने पुन्हा वाचलं.

‘एकदा तुझं ऐकलंय,’ ती म्हणाली. ‘आज हिचं ऐकते.’ आणि तिने शाईने खरा आकडा लिहिला.

रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तेव्हा मी बोलायला नको होतं गं.’

‘तू नुसतं बोललीस. खोडलं मीच.’

आधी हौद बांधून त्यात पाण्यातला सोडा मारते, मगच ते चरात सोडते, असं म्हणत थेंबीने मला तीनदा धुतलं आणि उलटी टांगलं. जाताना दारात थांबून तिने सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली. तिने लिहिलेला आकडा खरा होता, पण त्याने गेलेली वर्षं काही परत आली नाहीत. तो हात इथे असायला हवा होता, मित्रांनो. याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्हीही उद्या ॲप्रन घालून अशा एखाद्या खोलीत याल. काम झालं की आम्हाला धुऊन ठेवा, आमच्या तोट्या अडकू देऊ नका. आकडा इतरांपेक्षा वेगळा आला तर पुन्हा करून बघा, हवं तर तिसऱ्यांदा करा. तरीही तोच आला, तर खोडरबर उचलायच्या आधी एकदा माझ्याकडे बघा.