ताईंच्या हातचे चौकोन

मोठ्या जाऊबाई गेल्या, तेव्हा लेकीसाठी क्रोशाने विणायला घेतलेली लोकरीची चादर अर्धवटच राहिली. चौकोन विणून झाले होते, जोडायचे बाकी होते. धाकटी जाऊ ते जोडायला बसली. सुरुवातीचे चौकोन सुबक होते. आजारपणातले मात्र कुठे सैल, कुठे आक्रसलेले.

"काकू, हे उसवून नीट विण ना," पुतणी म्हणाली. "चादर वाकडी होईल."

"होऊ दे. ताईंना सुई धरवत नव्हती, तरी विणायच्या. 'ठेवा आता' म्हटलं की माझ्यावरच डोळे वटारायच्या. त्यांच्या हातचं मी नाही उसवणार."

चादर वाकडीच झाली. पुतणीने ती अंगावर ओढली, आणि आई गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोर ओक्साबोक्शी रडली.