सगळ्यांकडे बघणारा पंखा

मित्रांनो, दचकू नका! कोपऱ्यात खडखडतोय तो मीच. मी एक जुना उभा पंखा आहे. येरवड्यातल्या एका मराठी चर्चमध्ये माझं आयुष्य गेलं आणि एवढं आयुष्य जाऊनही एक गोष्ट मला अजून धड कळलेली नाही. तीच सांगतो. बघा, तुम्हाला उलगडते का!

माझा जन्म कारखान्यातला. दुकानात मी परदेशी टीव्ही आणि वॉशिंग मशीनच्या झगमगाटात बिचारा कडेला उभा होतो. चर्चच्या महिला मंडळानं नाताळात करंज्या विकल्या आणि मला आणलं. वेदीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभं केलं. डोक्यावरची खुंटी दाबली की माझी मान डावीकडून उजवीकडे फिरायची. काय थाट होता माझा! पाळक श्रीधर साळवे पहिल्याच रविवारी म्हणाले, "वा! हा भेदभाव करत नाही. सगळ्यांकडे बघतो."

झालं! मला वाटलं, सगळ्यांकडे बघणं म्हणजेच उपासना.

मग मी बघत सुटलो. कोण उशिरा आलं, गाण्यात कोण नुसते ओठ हलवतं, कुणाच्या डोक्यावरची ओढणी घसरली. माझ्यासारखंच आणखी एक माणूस बघायचं. महिला मंडळाच्या अध्यक्ष श्यामलाबाई. त्यांची मान माझ्याहून जास्त फिरायची, तीही विजेशिवाय! एकदा पाळकांनी सांगितलं, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघा. तर सगळ्यांनी माना वळवल्या, की हे मुसळ नक्की कुणाच्या डोळ्यात आहे! मीही वळवली. आता यात चुकलं काय, ते मला कुणी सांगितलंच नाही.

तिथे मैत्री नावाची मुलगी यायची. रात्रभर कॉल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या लोकांशी बोलायची आणि सकाळी कंपनीची सुमो गाडी तिला थेट चर्चच्या दारात सोडायची. जीन्स, गळ्यात ओळखपत्र, डोळे तांबारलेले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी सगळे डोळे मिटून गप्प बसतात. ज्यानं त्यानं आपापल्या मनात डोकवायचं, म्हणून ती शांतता. श्यामलाबाई मात्र तेव्हा डोळे उघडे ठेवायच्या. बाकीच्यांनी नीट मिटलेत की नाहीत, हे कुणीतरी बघायला नको?

अशाच एका रविवारी माझी मान मैत्रीकडे वळली, तेव्हा तिचे ओठ हलत होते. फेरी मारून परत आली, तेव्हा तिचं कपाळ पुढच्या बाकावर टेकलेलं होतं. प्रार्थना करत होती? की झोपली होती? मधलं मी बघितलंच नव्हतं! तेवढ्यात मागच्या बाकावरून श्यामलाबाईंनी तिला टोचलं.

"अगं ए, झोपायचं तर घरी झोप. प्रभूसमोर घोरायला आलीस का?"

कुजबुजच होती हो ती, पण त्या शांततेत पार दारापर्यंत पोचली. "सॉरी, काकू," म्हणून मैत्री उठली आणि भाकर न घेताच निघून गेली.

पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी. त्याच्या पुढच्याही. तिची आई पद्मजाताई श्यामलाबाईंना एवढंच म्हणाली, "मैत्री म्हणते, देवाला भेटायला गेलं की आधी काकूंची परीक्षा पास व्हावी लागते."

त्याच सुमारास माझी खुंटी तुटली. मान अडकली ती नेमकी श्यामलाबाईंवर! मला केवढा आनंद झाला. म्हटलं, आता यांचे सगळे दोष सापडणार. आणि इथेच माझा गोंधळ वाढला. सलग बघितल्यावर बाई वेगळ्याच दिसायला लागल्या. गाता गाता ओळ चुकायच्या. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून पदर डोळ्यांना लावायच्या. पुढच्या प्रभुभोजनाच्या शांततेत तर त्यांनी चक्क डोळे मिटले. भाकरीचं तबक आलं. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि तबक तसंच पुढे दिलं.

उपासनेनंतर पाळक जवळ आले. "श्यामलाबाई, आज आपण भाकर घेतली नाहीत?"

"कशी घेऊ? आधी एका मुलीच्या घरी जाऊन यायचंय."

तिकडे काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. मला कुठे हलता येतं? पण पुढच्या रविवारी मैत्री आली आणि श्यामलाबाईंच्या शेजारी बसली. प्रवचन रंगात आलं आणि तिचं डोकं हळूच बाईंच्या खांद्यावर कललं. बाई इकडच्या तिकडे हलल्या नाहीत. पलीकडून मंडळातल्याच चंपाबाई वाकल्या. "बघा! झोपली ना ही?"

"चंपाबाई, समोर बघा. पाळक तिकडे आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, आता चर्चमध्ये छताचे पंखे आलेत आणि मी या अडगळीत आलोय. माझ्या पात्यांवर धूळ साचली आहे. जमलं तर पुसा, तेलाचे दोन थेंब द्या. माझा गोंधळ मात्र तसाच आहे. दुसऱ्याकडे बघूच नये का? मग शेजारी कुणी रडत असलं तर? मला नाही सांगता येत. एवढंच कळलंय, की प्रार्थनेत दुसऱ्याचे डोळे मिटलेत का हे तपासायचं, तर आधी आपले उघडावे लागतात. तेवढं तुम्ही करू नका.