बटणावरचं बोट

आमचे हे बेल वाजवायचे ना, तेव्हा अख्ख्या इमारतीला कळायचं. बटणावर बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत काढायचेच नाहीत. एकदा मी मुद्दाम रमतगमत गेले, तर बेल इतकी तापली की भिंतीचा रंग उतरला. हसू नका, डाग अजून आहे. टायपिंगही तसंच. पुढचा शब्द सुचेपर्यंत मागच्या अक्षरावरून बोट हलायचं नाही. हे गेले आणि त्यांचा जुना कीबोर्ड माळ्यावर गेला.

आता माझी सून. ती एक एडिटर सांभाळते. कॉम्प्युटरवर लिहायची पाटीच म्हणा ना. फुकट मिळते, आणि कोणीही आत हात घालून दुरुस्त करावी अशी उघडी. कुठकुठली माणसं मिळून ती नीट ठेवतात. एकमेकांचं तोंडही न बघितलेली, सगळी टोपणनावानं. ह्या कामात सुनेचा जोडीदार होता झिपऱ्या. एकटा राहायचा, आणि मला उगाच आजी म्हणायचा.

त्या दिवसांत पाटीला एक खोड लागली होती. बटण दाबलेलं असतानाच दुसऱ्या खिडकीत गेलं, की बोट उचलल्याची खबर तिकडेच राहायची. एडिटरला वाटायचं, बोट अजून आहे. मग तेच अक्षर, ओळीच्या ओळी. जुन्या कीबोर्डवर हा प्रकार जास्त, म्हणून सुनेनं ह्यांचा कीबोर्ड झिपऱ्याला तपासायला पाठवून दिला. 'कुरिअरवाल्याला खालच्या शिंप्याकडे ठेवायला सांगा,' म्हणाला, आणि शिंप्याचा नंबर दिला.

एका दुपारी दोघं एकच पान उघडून बसले होते. त्यानं तिकडे लिहिलं की इकडे दिसायचं. 'तुमची दुरुस्ती बसवली, जुना कीबोर्ड जोडला. अंघोळ करून येतो, मग तपासतो,' असं लिहून तो गेला. मी शेजारी शेंगा सोलत होते.

जरा वेळानं पानावर ट उमटला. मग ट ट ट ट. थांबेचना.

"अगं, तुझी दुरुस्ती चालली नाही वाटतं," मी म्हटलं.

"आई, टोमणे नकोत." सून वैतागली. महिनाभर त्याच खोडीमागे होती बिचारी. "पुन्हा तेच! सगळं मुसळ केरात."

तिनं त्याची अक्षरं पानावर घेणंच बंद करायचं ठरवलं. एक बटण दाबलं असतं तर पान स्वच्छ. बोट तिथवर गेलंही. पण तिची एक सवय आहे. पुसण्याआधी अक्षर कुठून आलं ते बघायचं. ती बघायला लागली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, ही ती खोड नाही."

"मग?"

"खोडीत एडिटरला नुसतं वाटत असतं, की बोट आहे. इथे कीबोर्डच सांगतोय, दाबलंय, दाबलंय. आई, ते बटण खरंच दाबलेलं आहे."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"अंघोळीला गेलाय ना तो?"

"गेला त्याला किती वेळ झाला! परत येऊन कीबोर्डवरच कोसळला असला तर?"

तिनं त्याला हाक मारणारे निरोप लिहिले. वर निरोप, खाली ट ट ट. तिनं शिंप्याला फोन लावला.

"दादा, वर जाऊन झिपऱ्याला बघा ना."

"तो? तो दार उघडत नसतो हो बाई. झोपला असेल."

"दादा, दार तोडा."

"दार तोडू? आणि झोपलेलाच निघाला तर?"

"तर नवीन दार मी देते. तोडा!"

शिंपी फोन तसाच मशीनवर टाकून पळाला. फोनमधून नुसता पंखा ऐकू येत होता. आम्ही पानाकडे बघत बसलो. ट ट ट ट.

आणि मग ते थांबलं.

एवढे दिवस जे थांबावं म्हणून ती जिवाचं रान करत होती, ते थांबलं, तर माझी सून रडकुंडीला आली. "येऊ दे गं, एक तरी अक्षर येऊ दे," असं स्क्रीनला म्हणत होती. मी तिचा हात धरला.

मग अक्षरं आली. एकेक, अडखळत.

'शिंपी आहे. श्वास चालू. खिडक्या उघडल्या.'

गॅसच्या गिझरनं घात केला होता. बाथरूम बंद, हवा कोंडलेली. अजून थोडा उशीर झाला असता तर संपला होता. दवाखान्यातून सुटून आल्यावर त्यानं सुनेला फोन केला. आधी धन्यवाद, मग रडणं, मग एक प्रश्न.

"ताई, मी सापडलो बाथरूमच्या दारात. टेबल पार दुसऱ्या खोलीत. मग बटण कोणी दाबलं?"

"जुना कीबोर्ड आहे. बटण अडकलं असणार," सून म्हणाली.

"शिंपी म्हणतो, बटण आत गेलेलं होतं. पण मला बाहेर ओढलं तसं आपोआप वर आलं."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी शेंगा सोलायला घेतल्या.

कीबोर्ड परत पाठवू का, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच, जोडलेला. तो राहिला. गिझर काढून टाकला, खिडकी कायम उघडी. सगळं ठीक चाललं होतं.

आज सकाळी पुन्हा ट ट ट सुरू झाले. त्यानं सगळं तपासलं. गॅस नाही, धूर नाही, काही नाही. त्यानं विचारलं, 'आजी, आता काय बघू?' मी सुनेला म्हटलं, त्याला लिही, काही बघू नकोस, आधी बाहेर पड.

पडला. आता शिंप्याच्या दुकानात बसलाय. शिंप्यानं मशीन थांबवलंय. दोघं छताकडे बघतायत. वर खोलीत कोणी नाही.

अक्षर अजून येतंय. मी सुनेला म्हटलंय, फोन लाव, दोघांनाही इमारतीबाहेर काढ. आमचे हे उगाच बेल वाजवत नसत.