चिलखती गाडी आणि आत्याचं मत

पोलिसांच्या नव्या चिलखती गाडीने माझ्या आत्याची भिंत पाडली, तीही चुकून. चोर होता मागच्या गल्लीत. लष्कराने वापरून सोडलेलं ते धूड वळवताना चालकाला एवढ्याशा काचेतून काही दिसलं नाही. आणि चोरीला काय गेलं होतं, तर एक सायकल! उद्या हे डास मारायला तोफ आणतील.

मी गवंडी. दुसऱ्याच दिवशी थापी-ओळंबा घेऊन गेलो, तर आत्याने मला दारातच अडवलं.

"एका विटेलाही हात लावायचा नाही."

"अगं, गारठून मरशील."

"मरत नाही. शुक्रवार जाऊ दे."

गाडी कायमची ठेवायची की परत पाठवायची, यावर नगरपालिकेने लेखी मतं मागवली होती, शुक्रवारी पाचपर्यंत. कोणाची हरकत आली नाही, तर गाडी राहणार. आमची गल्ली न्हाव्याच्या दुकानात वाघ, कचेरीच्या पायरीवर शेळी. एकानेही कागद दिला नव्हता. मला सगळ्यांचा संताप आला होता, माझ्यासकट.

गुरुवारी फौजदार आले, साखर पेरत. "बाई, भिंत आम्ही बांधून देतो. फक्त हरकत घेऊ नका."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. आत्या रात्रभर खोकली होती.

"भिंत तुम्ही पाडलीत, ती तुम्ही बांधणारच," आत्या म्हणाली. "त्यासाठी माझं तोंड कशाला बुजवता?"

फौजदार टोपी उचलून चालते झाले.

आत्याने एकतीस वर्षं नगरपालिकेच्या आवक-जावक खिडकीवर काढलेली. खिडकीत आलेल्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का आणि क्रमांक पडलाच पाहिजे, आणि क्रमांक पडला की ती साहेबांच्या टेबलावर गेलीच पाहिजे, हे तिनेच नव्या कारकुनांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

शुक्रवारी साडेचारला तिने अर्ज सरकवला. 'आम्ही या गावचे रहिवासी आहोत, शत्रू नाही. गाडी परत पाठवावी.' खाली लिहिलं होतं, 'सोबत : विटा.' आणि एक वीट तिने खिडकीत धपकन ठेवली.

कारकून गांगरला. "बाई, वीट कशी घेऊ?"

"पाण्याच्या तक्रारीसोबत मेलेला उंदीर आला होता, तो मी कसा घेतला? तू शेजारीच बसला होतास. मार शिक्का."

त्याने मुकाट्याने विटेवर शिक्का मारला आणि वहीत लिहू लागला, "सहपत्र, वीट, नग एक..."

"एकशे बारा," आत्या म्हणाली. "बाकीच्या बाहेर आहेत."

हातगाडी मी ओढत आणली होती. वाटेत चढावर एकेक जण ढकलायला आला आणि परत गेलाच नाही. मी एकेकाच्या हातात वीट देत गेलो आणि त्या शेळ्या पायऱ्या चढू लागल्या. सगळ्यांत पुढे न्हावी होता.

"शिक्का मारा," तो खिडकीत वाकून म्हणाला, "आणि एक कोरा कागद द्या. मलाही मत आहे."