दुसरा प्रोसेसर

जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला खेटून एक वाटी होती आणि वाटीत सर्व्हरचा प्रोसेसर. त्याच्या पाठीवरचा, उष्णता ओढून घेणारा पण आता वाळून खपली झालेला जुना लेप बाबा कापसाने पुसत होते आणि तो राखाडी बोळा ताटाच्या कडेला ठेवत होते. समोर बसलेल्या लेकीने आपलं ताट मागे ओढलं.

“बाबा, या वाटीत आपण खातो.”

“खात होतो,” बाबा म्हणाले. “आता तिला बढती मिळाली.”

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. दादाच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक जुना सर्व्हर त्यांनी घरी आणला, मागच्या खोलीत मांडला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली चढवली आणि वाचनालयाने रद्दीत काढलेली मासिकं पान न् पान स्कॅन करायला बसले. चित्रातली अक्षरं मशीन ओळखायचं. त्यातून उरलेल्या चुका लेक काढायची. एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं, म्हणून बाबा तिला मास्तरीणबाई म्हणायचे. सगळं झकास चाललं होतं आणि एकाएकी मशीन म्हाताऱ्या बैलासारखं चालायला लागलं. आत प्रोसेसर दोन होते, लिनक्सला दिसत होता एकच.

“सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन दिसतात,” बाबा म्हणाले. “लिनक्स आलं की एक. उंबरठ्याबाहेर दोघे, आत पाऊल टाकलं की एकटा. मधल्या मध्ये दुसऱ्याला कोण गिळतं, मास्तरीणबाई?”

“बाबा, तो मेलाय,” दादा म्हणाला. एका कंपनीच्या संगणक विभागात तो साहेब होता आणि जेवण झाल्यावर काडीने दात कोरत बोलायची त्याची पद्धत होती.

“मेला असता तर पहिल्याच्या जागी बसवल्यावर चालला कसा? अदलाबदल करून बघितली मी. दोघेही धडधाकट आहेत.”

“हे कालही सांगितलंत.”

“कालही खरंच होतं ते.”

दादाने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. काडीच्या टोकाला लागलेलं त्याने निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातलं.

नंतर स्वयंपाकघरात तो हळूच म्हणाला, “बघितलंस ना? तेच ते, तेच ते. डॉक्टरला दाखवायला हवं. मी एक जागा पण बघून ठेवलीय. अशा लोकांची तिथे नीट काळजी घेतात.”

‘अशा लोकांची’ हे शब्द तिला झोंबले. पण दादाला उलट बोलायची जीभ तिला लहानपणापासून नव्हती. शिवाय मनात पाल चुकचुकलीच, खरंच तसं असेल तर? ती वाटी घासत राहिली. तो लेप निघता निघेना, उलट सगळ्या बोटांना लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मागच्या खोलीत खुर्चीतच सापडले. हृदय थांबलं होतं. मांडीवर पेचकस होता आणि मशीन घुमत होतं.

मग माणसं येऊ लागली. सोफ्यावर बसायची, चहा भुरकायची, बिस्किटं बुडवून खायची आणि तोंडात घास असतानाच म्हणायची, “सुटले हो!” कशातून सुटले, ते दादा पुरवायचा. “शेवटी शेवटी डोकं साथ देत नव्हतं. मशीनशी भांडायचे. नसलेला प्रोसेसर शोधत बसायचे.” लोक चुकचुकायचे. पुढच्या घोळक्याला ते आधीच्या घोळक्याकडून कळलेलं असायचं. बघता बघता, राखही नीट निवली नव्हती तोवर, बाबा गावभर वेडे झाले होते. लेकीला त्या बिस्किटांच्या वासाचीही शिसारी येऊ लागली. ओला, गोडसर, दुसऱ्याच्या तोंडातला वास.

“त्या खोलीतलं धूड दुपारी भंगारवाला नेणार आहे,” एका सकाळी दादाने सांगितलं.

ती उठून मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिला एकच गोष्ट हवी होती. दुसरा प्रोसेसर खरोखर मेलेला निघाला, तर दादा म्हणतो ते खरं, बाबा शेवटचे दिवस एका मढ्याला चोळत बसले होते. जिवंत निघाला, तर बाबा शहाणे होते. हे ठरवायला तिच्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता.

झाकण उघडलं आणि तिने नाकाला पदर लावला. बाबांनी प्रोसेसर लखलखीत केले होते, पण पंख्यांपर्यंत त्यांचा हात पोचला नव्हता. पात्यांवर तेलकट धुळीची साय धरली होती. कोपऱ्यात झुरळाची रिकामी अंडी, आणि गुंतवळासारखी केसांची एक गुंडाळी. कुणाचे केस? घरातल्या सगळ्यांचेच. तिने ती चिमटीत धरून ओढली, ओकारी गिळली आणि पुढची ओढली.

एक्स्चेंजमध्ये बाबांचे दोन नियम होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि ज्याने जिथे हात लावला, त्याने ते सांगायचं. न सांगता हात लावणारा म्हणजे उष्टा हात पातेल्यात बुचकळणारा, असं ते म्हणत. हा दुसरा नियम त्यांनी घरालाही लावला होता.

तिने मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोन प्रोसेसर. लिनक्स आलं, त्याला विचारलं, एक. बाबांनी काय काय बघितलं होतं ते तिला तोंडपाठ होतं, रोज जेवताना ऐकलेलं. प्रोसेसरची अदलाबदल केली, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, मशीनच्या मूळ सेटिंग तपासल्या. मग राहिलं काय? राहिली ती लिनक्सला सुरू होताना मिळणाऱ्या सूचनांची ओळ. तिकडे बाबा वळलेच नव्हते. का वळले नसतील, हेही तिला कळलं. त्या ओळीला हात लावल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं नाही म्हणजे लावला नाही. इतका सरळ हिशेब होता त्यांचा.

तिने ओळ उघडली. शेवटी एक छोटी सूचना चिकटवलेली होती. प्रोसेसर कितीही असोत, एकच वापर.

तिने ती सूचना पुसली. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. मशीन पुन्हा सुरू केलं आणि विचारलं.

दोन.

बाबांनी अर्धवट सोडलेल्या मासिकाची पानं तिने मशीनला दिली. दोन्ही प्रोसेसर कामाला लागले, तापले, आणि पंखे गरगरून गर्जायला लागले.

“ए, तो पंखा बंद कर!” बाहेरून दादा ओरडला. “तुझ्या वहिनीचं डोकं उठतं!” मग तोच दारात आला. तोंडात काडी होती. पडद्याकडे बघून तो हसला. “काढलंस होय ते? अगं, हा आवाज नको म्हणून मीच लावलं होतं.”

“बाबांना सांगितलंस?”

“सांगायचं राहून गेलं गं. मग ते असे हट्टाला पेटले की म्हटलं, असू दे, तेवढाच विरंगुळा.”

“विरंगुळा,” ती म्हणाली. “आणि ती जागा? तो डॉक्टर?”

“ते वेगळं. वय झालं होतं त्यांचं. आता उगाच खाजवून खरूज काढू नकोस.” काडीच्या टोकाला लागलेलं त्याने निरखलं. “चल, वायरी सोडव. भंगारवाला येईल.”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत काळी साय होती, बोटांना केस चिकटले होते. इतक्या घाणीत हात घालूनही आता शिसारी येत नव्हती. येत होती ती दारात उभ्या माणसाकडे पाहून.

“दादा, मला तुझी किळस येते.”

“काय?” पंख्यांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने कान पुढे केला. “काय म्हणालीस?”

तिने पंखे बंद केले नाहीत. त्यांच्या वर आवाज चढवून, बाहेर सोफ्यावर बसलेल्या माणसांच्या हातातल्या कपबशा थांबतील इतक्या मोठ्याने ती म्हणाली, “किळस येते, दादा, मला तुझी. बाबांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं.”